फ्लॉपीतले अप्पा

समर्थनगरातल्या घराचा माळा आवरताना तुमच्या हाती एक फ्लॉपी लागते. साडेतीन इंची, काळी. पांढऱ्या पट्टीवर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय : 'अप्पांच्या आठवणी, फायनल, १९९९'. अप्पा म्हणजे तुमचे आजोबा. रझाकारांच्या दिवसांत ते निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, पण घरात त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. शेवटच्या वर्षी काय मनात आलं कुणास ठाऊक. औरंगपुऱ्यातल्या एका डीटीपी सेंटरात रोज संध्याकाळी जाऊन बसायचे. अशी चाळीसेक पानं त्यांनी टाइप करून घेतली. छापायची राहून गेली. आता वडीलही नाहीत.

यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह तुम्ही कुठून तरी मिळवता. फ्लॉपी सरकवता. ती घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते, आणि नवल म्हणजे फाइल उघडते. आत अप्पा नाहीत. आत चाळीस पानं भरून इंग्रजी अक्षरं आहेत, कंस आहेत, डॉलरची चिन्हं आहेत, मध्येच एखादं पौंडाचं चिन्ह आणि टोपी घातलेला ए. फाइल मात्र खराब झालेली नाही. ज्या दिवशी ती फ्लॉपीवर उतरवली, त्या दिवशी होती तशीच्या तशी आहे. हरवलाय तो फाँट. वर्डची फाइल असती तर फाँटचं नाव तरी आत सापडलं असतं. डीटीपीवाल्याने पेजमेकरमधून नुसता मजकूर काढून दिलेला. टेक्स्ट फाइलला फाँटबिंट काही ठाऊक नसतो.

मग विचारायला जावं लागेल. चला, मीही येतो. या शहरात नाव बदलायला वेळ लागतो, काळ बदलायला लागत नाही.

डिसेंबर १९९९. दुकानांच्या पाट्यांवर औरंगाबाद लिहिलंय. निराला बझारात गारठा आहे आणि वाळूजच्या कारखान्यातून निघालेल्या स्कूटरी चौकात गर्दी करून उभ्या आहेत. समोरच्या इमारतीला एक अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी हाताने रंगवलेला बोर्ड : 'सायबर कॅफे, ई-मेल, चॅट, झेरॉक्स'. वर गेल्यावर पहिली सूचना चपला बाहेर काढायची. संगणकाला धूळ चालत नाही, असं तेव्हा सगळे मानतात, आणि देवघरात शिरावं तसे लोक मोज्यांनी आत येतात. वहीत नाव, वेळ, सही. दर तासाला चाळीस रुपये. प्लायवूडचे खोके, खोक्यात पाठीमागे फूटभर फुगलेला मॉनिटर, आणि त्या सगळ्यांना मिळून एक मॉडेम.

मॉडेमचं ओरडणं तुम्हाला आठवतं का? आधी नंबर फिरवल्याचे टिकटिक सूर, मग पलीकडून शीळ, मग दोघं भांडल्यासारखा खरखराट, आणि एकदम शांतता. या शांततेला 'लाइन लागली' म्हणायचं. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं. कपाळ दिसल्यावर नाक दिसेपर्यंत चहा येतो.

कॅफेवाला पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो तुम्हाला नव्या बातमीने गाठतो. "सर, चारशे नव्व्याण्णव कोटी! नुसत्या वेबसाइटींचे!" मुंबईच्या राजेश जैन यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केलेलं 'इंडियावर्ल्ड' गेल्याच महिन्यात सत्यम इन्फोवेने विकत घेतलंय. "त्यात एक 'बावर्ची' आहे. सर, त्याच्यात फक्त भाज्या कशा करायच्या तेवढंच आहे. माझी आई रोज करते, तिला कोणी कोटी देत नाही." तो स्वतः जिओसिटीजवर बीबीच्या मकबऱ्याचं एक पान करतोय. जिओसिटीजवर फुकट जागा मिळते, आणि तीही वस्तीसारखी : विषयाप्रमाणे मोहल्ले, मोहल्ल्यात घर क्रमांक. पानावर एक पिवळा मजूर फावडं चालवतोय, म्हणजे काम चालू आहे. २००९ च्या ऑक्टोबरात तो अख्खा गाव जमीनदोस्त होणार आहे, हे त्याला सांगू नका.

तुम्ही एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडायला सांगता. पान उघडतं. आणि तुम्ही खुर्चीत ताठ होता, कारण स्क्रीनवर अप्पांची फाइल आहे. तेच कंस, तेच डॉलर, तोच टोपीवाला ए.

"मराठी दिसत नाही सर असं. त्याला फाँट टाकावा लागतो. आणि एका पेपरचा दुसऱ्याला चालत नाही."

हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावरच आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, त्यातले पहिले १२८ इंग्रजी आणि तिच्या खाणाखुणांनी आधीच अडवलेले. मराठीला मात्र स्वर हवेत, व्यंजनं हवीत, त्यांची अर्धी रूपं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, रुकार, वर क्ष आणि ज्ञ आणि श्र. फाँट करणाऱ्यांनी तोड काढली. इंग्रजीच्या खोल्यांवरच्या पाट्या तशाच ठेवल्या आणि आत मराठी बिऱ्हाडं आणून बसवली. संगणक समजतो हे इंग्रजी आहे; डोळ्याला दिसतं मराठी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश : ज्याने त्याने बिऱ्हाडं आपल्या सोयीने बसवली. एकाच्या घरात जिथे 'क' राहतो तिथे दुसऱ्याच्या घरात वेलांटी. तुमच्याकडे नेमका तोच फाँट असेल तर मजकूर, नाहीतर कचरा. आणि फाँट असला तरी 'पैठण' शब्द शोधायची सोय नाही, कारण संगणकाच्या लेखी पैठण नावाचं काही नाहीच.

जगभरच्या वेबच्या इतिहासात हा प्रश्न तळटीपेतही येत नाही. आपल्या वेबचा हाच पहिला अध्याय आहे, असं माझं मत. त्यातले पहिले लोक शोधायचे तर आधी औरंगपुऱ्याकडे वळू.

गल्लीच्या टोकाशी डीटीपी सेंटर. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, दिवाळी अंकांची प्रुफं, बटर पेपरवर काढलेली प्रिंट. ऑपरेटर बाईंनी टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिल्या आहेत. बोटं रेमिंग्टनच्या कळपाटावर न बघता चालतात. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पांढरं धोतर, काळी टोपी, गुडघ्यावर वही. दाराशी आठ-नऊ वर्षांचं एक पोर फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण खटाखट मागेपुढे करत बसलंय. ते कोण, हे मी सांगायला नको.

"अगं, तहसीलदार नको करूस. तालुकदार. अव्वल तालुकदार म्हणजे निजामाच्या राज्यातला कलेक्टर."

"केलं, अप्पा."

"आणि इथे 'दऱ्या' पाहिजे. तू 'दर्या' केलंयस. आम्ही दऱ्यांतून गेलो. दर्यात नव्हतो पडलो."

बाई हसतात. ऑल्टची कळ धरून उजवीकडच्या आकड्यांवर चार आकडे दाबतात, आणि पापणीच्या केसासारखा तो वाकडा 'ऱ' अवतरतो. असे पन्नास-साठ आकडे त्यांना पाठ आहेत. कुणी शिकवले नाहीत, कुठल्या पुस्तकात नाहीत. मराठवाड्यात संगणकावर मराठी आधी कोणी आणली, असं विचाराल तर मी या खुर्चीकडे बोट दाखवीन. या मंडळींचं नाव कुठल्याच इतिहासात लागलेलं नाही.

आणखी एक बघून ठेवा. 'किल्ला' लिहिताना बाई आधी वेलांटी मारतात, मग 'क'. डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी. फाइलमध्येही ते त्याच क्रमाने जाऊन बसतं. हे पुढे महागात पडणार आहे.

तुम्ही पुढे वाकता. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बारीक अक्षरात फाँटचं नाव आहे. पहिलं अक्षर इंग्रजी एस, की डी? तेवढ्यात लाइट जाते. "सेव्ह केलं होतं ना?" अंधारात अप्पा विचारतात.

लाइट येईपर्यंत हा गोंधळ मुळात का झाला ते बघून येऊ.

तीन वर्षं मागे. शहराला इंटरनेटचा स्वतःचा नंबर येण्याआधीची रात्र. अकरा वाजून गेलेत. एसटीडीचा दर आता पावपट, म्हणून पिवळ्या बोर्डाखाली रांग आहे. रांगेतले लोक आखाती देशातल्या भावाशी, पुण्यातल्या मुलीशी बोलायला आलेत. घरोघरच्या काही वेड्यांनी मात्र याच वेळी संगणकाला फोन जोडून मुंबई लावली आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि पहिल्या दिवसांत ते इतकं अडखळलं की कंपनीचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी आमचं चुकलं असं जाहीर कबूल केलं. सरकारी कंपनीच्या प्रमुखाने असं म्हणणं आजही बातमी होईल. विद्यार्थ्यांचं खातं ५०० रुपयांत, पण नुसत्या अक्षरांचं, चित्र नाही. मुंबईत इंटरनेट वापरणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचे संस्थापक-अध्यक्ष कोण? शम्मी कपूर. तेच, 'याहू' ओरडणारे. कंपनीचं नाव निघायच्या किती आधी!

इथे एक फरक सांगून टाकतो. कॅफेतला पोरगाही त्यात गोंधळतो. इंटरनेट आणि वेब एक नव्हेत. आपल्या गावाला हे समजायला सोपं जावं. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली. भाजलेल्या मातीचे नळ, मध्ये मध्ये हवा सोडायला मनोरे, आणि पाणी आपल्या उताराने घरोघरच्या हौदात. वरून चालणाऱ्याला काही दिसत नाही. पुढे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी असंच नळांतून आणलेलं पाणी चक्राच्या पात्यांवर पाडलं आणि पाणचक्की दळू लागली. इंटरनेट म्हणजे नहर. वेब म्हणजे तिच्या पाण्यावर फिरणारी पाणचक्की. लोक पाणचक्की बघायला येतात, आणि नहर तुंबली की ओरडतात.

महाराष्ट्रात या नहरीचं पाणी आधी कुठे आलं, तर जुहूला. गुलमोहर क्रॉस रोडवर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये वेगळी निघालेली ही संस्था. संचालक श्रीनिवासन रमणी. मागे मागे जात आपण १९८७ मध्ये आलोय. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' नावाचं जाळं हाती घेतलंय : पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, दिल्लीतलं खातं, आणि हे जुहू. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली आहे. पत्र पाठवलं आणि पोचलं असं नाही. पत्रं साठवायची, ठरल्या वेळी एका संगणकाने दुसऱ्याला साधा फोन लावायचा, सगळी एकदम पलीकडे ओतायची, फोन ठेवायचा. टपालाच्या थैलीचाच हिशेब. ८ मे १९८९ ला भारताचं 'डॉट इन' हे आडनाव नोंदलं गेलं, तेव्हा त्याचं दप्तरही याच इमारतीत आलं.

ही इमारत विसरू नका. आपल्याला इथे परत यायचंय, एका चित्रकाराला भेटायला.

आता जिनिव्हा. १९९० ची अखेर, बाहेर बर्फ. सर्न ही अणुकणांवर संशोधन करणारी संस्था. हजारो शास्त्रज्ञ, शंभर तऱ्हेचे संगणक, आणि कुणाची टिपणं कुणाला सापडत नाहीत. टिम बर्नर्स-ली या इंग्रज प्रोग्रॅमरने मार्च १९८९ मध्ये साहेबांना एक प्रस्ताव दिला होता. साहेब माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला की प्रकरण धूसर आहे, पण उमेद वाटते. सरकारी फायलीत असला शेरा मिळाला तर समजावं की काम झालं. बेल्जियमचे रॉबेर कायो सोबतीला आले. टेबलावर नेक्स्ट कंपनीचा चौकोनी काळा संगणक आहे आणि त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे : हा सर्व्हर आहे, बंद करू नका. त्या घडीला जगातली सगळी वेब त्या एका डब्यात. आपल्या चिकलठाण्यात असता तर लाइट जाऊन संध्याकाळच्या आत जग बंद पडलं असतं.

टिमच्या खांद्यावरून बघा. जे पान तो वाचतोय, त्याच पानात तो कर्सर ठेवून लिहितोय. वेगळं सॉफ्टवेअर नाही, परवानगी नाही. पहिला ब्राउझर वाचायचा होता तसा लिहायचाही होता. मला विचाराल तर सगळ्या वेबमधली मोठी कल्पना ही, आणि सगळ्यात आधी गळाली तीही हीच. नेक्स्ट महागडा, फार थोड्यांकडे. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने कोणत्याही साध्या संगणकावर चालेल असा ब्राउझर लिहिला. त्यात फक्त वाचता येई. १९९३ मध्ये अमेरिकेत मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेक' काढला. चित्रं आली, माउसने सगळीकडे फिरता आलं, जग वेडं झालं. लिहिणं त्यातही नव्हतं. वाचक एकीकडे आणि लेखक दुसरीकडे, ही छापखान्याची जुनी वाटणी परत आली.

टिमच्याही आधी माणसं होती. १९४५ मध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी टेबलाएवढ्या यंत्राची कल्पना मांडली, ज्यात एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे वाट पाडून ठेवता येईल. १९६० पासून टेड नेल्सन असं जाळं मागत होते, ज्यात दुवा दोन्ही बाजूंनी दिसेल आणि कधी तुटणार नाही. 'हायपरटेक्स्ट' शब्द त्यांचाच. ९ डिसेंबर १९६८ ला डग एंगलबार्ट यांनी माउस आणि दुवे भर सभेत चालवून दाखवले. टिमने नेल्सनची अट सोडली. दुवा एकतर्फी ठेवला, तुटला तर तुटू दे म्हटलं. म्हणून वेब उभी राहिली, आणि म्हणूनच ती इतकी विसरते.

आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने जाहीर केलं की हे तंत्र कुणीही वापरा, पैसे नाहीत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या 'गोफर' या प्रतिस्पर्धी पद्धतीसाठी काही जणांकडून फी घ्यायचं ठरवलं होतं. गोफर आज कुणाला आठवतो?

या सगळ्या मंडळींच्या टेबलावर एक गोष्ट गृहीत होती. लिहायला बसलं की अक्षर उमटतं. आपल्याला आधी तेच मिळवायचं होतं.

तर परत मायदेशी. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांचं 'जिस्ट' तंत्र उभं केलं. १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक निघालं आणि ते तंत्र तिथे गेलं. संगणकात एक कार्ड खोचायचं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागे 'इस्की' हे प्रमाण होतं आणि त्यातली मूळ दृष्टी मोठी होती : दिसणं साठवू नका, उच्चार साठवा. 'कि' म्हणजे आधी क, मग इ. वेलांटी डावीकडे काढायची हे काम दाखवणाऱ्याचं, साठवणाऱ्याचं नाही. १९९१ मध्ये जगातल्या सगळ्या लिप्यांना एकेक कायमचा आकडा देणारं 'युनिकोड' आलं, त्याने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच उचलली. क ला २३२५ हा आकडा मिळाला, आणि तो जगात सगळीकडे क चाच.

अप्पांचा वाकडा ऱ तिथे कसा पोचला, ती गंमत आहे. २३५३ या खोलीत दाक्षिणात्य भाषांतला एक र देवनागरीत लिहायची सोय केली होती. त्याचा पाय मोडला की मराठीचा पापणीसारखा ऱ व्हायचा, असं ठरलं. तमिळ पाहुण्यासाठी ठेवलेल्या खोलीत आपल्या दऱ्याखोऱ्या भाड्याने राहतात, त्या आजतागायत.

आकडे मिळाले, पण दाखवणार कोण? मधली आठ-नऊ वर्षं लोकांनी मिळेल त्यावर भागवलं. अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' लिहिलं : रोमन अक्षरांत टाइप करा, प्रोग्रॅम देवनागरी करून देईल, परदेशातल्या कितीतरी घरांतली स्तोत्रं आणि गाणी त्यातून गेली. १६ सप्टेंबर १९९६, गणेश चतुर्थी. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून 'मायबोली' सुरू केली, तेव्हा माणसं रोमन लिपीत मराठी बोलत होती. वाचताना डोळे दुखत, पण घरच्यासारखं वाटे.

आता जुहूला परत, नव्वदच्या दशकाची अखेर. तीच इमारत. आत झब्ब्यातले एक गृहस्थ पडद्यावर 'अ' एवढा मोठा करून त्याच्या पोटाचा बाक बघतायत. रघुनाथ कृष्ण जोशी, आर. के. जोशी. कवी, सुलेखनकार, जाहिरातीच्या धंद्यात नाव काढलेले, मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेले. बोरू धरणारा हात आता संगणकाला लिपीचे नियम शिकवतोय. हे काम नुसतं अक्षर काढायचं नाही. क पुढे इ आली तर वेलांटी मागे ने. र चा पाय मोडून पुढे म आला तर रफार म च्या डोक्यावर चढव. श आणि र भेटले तर दोघांना मिटवून श्र काढ. यातलं बरंचसं फाँटच्या पोटात लिहायचं. त्यांनी केलेला 'मंगल' फाँट फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० बरोबर जगभर गेला. तुम्ही तो हजारदा वाचलाय आणि त्याचं नावही तुम्हाला दिसलंय. ज्यांनी तो केला ते २००८ मध्ये गेले. मंगल देखणा नाही असं काही जाणकार म्हणतात. असेल. माझ्या लेखी मराठी वेबचा जन्म त्या फाँटबरोबर झाला, १९९१ किंवा १९९५ मध्ये नाही.

जन्म झाला, पण बाळसं धरायला वेळ गेला. विंडोज ९८ वर युनिकोड मराठी म्हणजे चौकोनी डबे. एक्सपीवर भारतीय लिप्यांचा पर्याय निवडावा लागे, मग तो मूळ सीडी मागे, आणि सीडी दुकानदाराकडे. तोवर वेलांट्या पुढे पळालेल्या, जोडाक्षरं सुटलेली. तरी १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि त्याच्या प्रत्येक पानावर 'संपादन' अशी कळ होती. जिनिव्हात टिमच्या पडद्यावर होती आणि मोझेकमध्ये गळाली होती तीच. वाचता वाचता लिहायचं, तेही मराठीत, परवानगीशिवाय. २००८ मध्ये युनिकोडने २४१८ या आकड्यावर 'ॲ' दिला आणि मराठी माणसाला 'ॲड्रेस' सरळ लिहिता आला.

लाइट आली असेल. औरंगपुऱ्यात डोकावू. संगणक चालू आहे, बाई दुसऱ्याच कुणाची लग्नपत्रिका करतायत. प्लास्टिकची खुर्ची रिकामी. स्क्रीनवरच्या फाँटचं नाव आता तुम्हाला स्पष्ट दिसतं, पण पत्रिकेला मजकुरापेक्षा वेगळा, वेलबुट्टीचा फाँट लावतात, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही विचारू शकता. बाई सांगतीलही, "अप्पांना ना, मी नेहमीचाच लावला होता." त्यांचा नेहमीचा कोणता, ते फक्त त्यांना ठाऊक.

परत या. छत्रपती संभाजीनगर, समर्थनगर, तुमचं टेबल. जुन्या फाँटचं युनिकोड करणारी रूपांतरकं आता फुकट मिळतात; एकेक लावून बघण्यापलीकडे इलाज नाही. पहिल्याने नुसतीच वेगळी कचराकुंडी दिली. दुसऱ्याने मध्येच 'चहा' हा एक शब्द बरोबर आणला, तो बहुधा योगायोग. तिसऱ्याने काहीच नाही. चौथ्यावर पडद्यावर ओळ उमटते : अव्वल तालुकदार. त्याखाली दऱ्या. पापणीसारखा ऱ जागच्या जागी.

रफार मात्र सगळे घसरलेत. बाईंनी डोळ्याला दिसेल तसा आधी ष मारला होता, मग त्याच्या डोक्यावर रफार. रूपांतरकाला तो उचलून मागे नेता आला नाही. म्हणून अप्पांच्या आठवणींत सगळीकडे 'वषर्' आहेत आणि 'कायर्कतेर्' आहेत. चाळीस पानं हाताने दुरुस्त करायला तुम्हाला तीन रविवार लागतील. करा. वाचणंही होईल.

आणि एक काम लगेच उरका. घरात अशी फ्लॉपी असेल, सीडी असेल, काकांचा काव्यसंग्रह, आजीच्या पाककृती, गावच्या वाचनालयाची स्मरणिका, १९९० ते २००५ च्या मधलं कुठलंही टाइप केलेलं मराठी; ज्यांनी ते टाइप केलं ती माणसं अजून गावात आहेत, कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणी नातवंडं सांभाळत. त्यांना गाठा आणि नेहमीचा फाँट कोणता होता ते विचारा. मग फ्लॉपीवरच्या पट्टीवर, मजकुराच्या नावाखाली, पेनाने त्या फाँटचं नाव लिहून ठेवा.